हाराला शोभेल असा

परवा आमच्याकडे दुपारचा भात दोन वाजता झाला, कारण तांदळाच्या डब्यात माझी पन्नास एमएमची लेन्स निघाली.

"हे काय आहे?" बायकोने विचारलं. तिच्या एका हातात मापटं होतं, दुसऱ्या हातात लेन्स.

"लेन्स."

"ते दिसतंय. तांदळात काय करतेय?"

"हवा दमट आहे ना. बुरशी धरते. तांदूळ ओल शोषून घेतात."

"आणि तांदूळ ओलसर झाले की मी ते कुठे ठेवू? तुमच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत?"

लेन्सचं मागचं झाकण सापडत नसल्याने सगळे तांदूळ परातीत ओतून निवडावे लागले. झाकण दुसऱ्या दिवशी तूरडाळीत सापडलं. लेन्स एका डब्यात आणि झाकण दुसऱ्या डब्यात ठेवताना माझ्या मनात नक्की काय योजना होती, ते आता मलाही आठवत नाही.

पण दोष माझा नाही, गावाचा आहे. त्र्यंबकला पावसाळा येत नाही, मुक्कामाला येतो. जूनमध्ये ब्रह्मगिरीचा डोंगर ढगात शिरतो आणि मध्येच एखाद्या दुपारी डोकं बाहेर काढून 'गाव आहे ना जागेवर?' एवढं पाहून परत आत जातो. आषाढात दोरीवर टाकलेला पंचा श्रावणात वाळतो. मीठ वाहतं, काडेपेटी रुसते, पापड म्हणजे नुसती पोळी होते. अशा हवेत लेन्सच्या काचेवर आतून बुरशी धरली. कोळ्याच्या जाळ्यासारखी, पण त्याहून कलात्मक. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मला वाटलं, ही काही खास सोय असावी. नाशिकच्या दुरुस्तीवाल्याने काच उजेडाकडे धरून सांगितलं, "काका, हिच्यात मशरूम आहेत."

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. कुशावर्त कुंडाजवळच्या गल्लीत माझं पूजासाहित्याचं दुकान आहे. घरात आणि गावात मला नाना म्हणतात. इतरांना सर्दी होते तशी मला कला होते. दर सात-आठ वर्षांनी होते, अंगावर काढता येत नाही, आणि घरातल्या सगळ्यांना तिचा त्रास होतो.

पहिल्यांदा झालं ते गाणं. वय बावीस. हार्मोनियम आणली आणि पहाटे पाचला भैरवाचे आलाप सुरू केले. शेजारी एक गुरुजी राहतात. त्यांच्याकडे नारायण नागबळीसाठी यजमान तीन-तीन दिवस उतरलेले असतात. एका पहाटे त्यांच्या ओसरीवरून आवाज आला, "गुरुजी, हे विधीतलंच आहे, की याची दक्षिणा वेगळी?" गुरुजी काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी मला सुपारी देणं बंद केलं. शिवाय नाशिक जिल्ह्यात गाणं म्हणजे जरा अवघडच. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात नाशकात येऊन राहिलेले आणि त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर नाशकातच जन्मलेले. तिथे मी काय करणार? जागा भरलेली होती.

मग कविता झाली. ज्या जिल्ह्यात कुसुमाग्रज राहून गेले, ज्यांना १९८७ चं ज्ञानपीठ मिळालं आणि ज्यांच्या वाढदिवसाला अख्खा महाराष्ट्र मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, तिथे २७ फेब्रुवारीच्या कविसंमेलनात मी अकराव्या क्रमांकाला होतो. दहाव्यानंतर सूत्रसंचालक म्हणाले, "वेळेअभावी आपण आता थेट चहाकडे वळू." श्रोत्यांनी त्या दिवसातली सर्वांत मोठी टाळी दिली.

मग नाटक. इथे वसंत कानेटकर. स्पर्धेच्या एका नाटकात दुसऱ्या अंकात मी धावत येऊन राजाला निरोप द्यायचो. तिसऱ्या प्रयोगापासून दिग्दर्शकाने तो निरोप पत्राने पाठवायला सुरुवात केली.

मग जलरंग. नाशकात जलरंग म्हणजे शिवाजी तुपे, आणि घाटावर बसून समोरचं दृश्य तिथल्या तिथे कागदावर उतरवण्यात त्यांचा हात धरणारा माणूस विरळा. मीही कुशावर्ताच्या पायऱ्यांवर बोर्ड घेऊन बसलो. पण तो पावसाळा होता, त्यामुळे माझ्या जलरंगात रंग कमी आणि जल फार. मुलाने चित्र पाहून विचारलं, "बाबा, यात पाणी कुठपर्यंत आहे आणि देऊळ कुठून सुरू होतं?" तो लहान होता, पण प्रश्न मोठा होता.

तर अशा चार कला होऊन गेल्यावर मी बरीच वर्षं ठणठणीत होतो. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, त्याने नवा कॅमेरा घेतला आणि दिवाळीत जुना माझ्या हातात ठेवून म्हणाला, "दुकानात बसून कंटाळता ना? घ्या, वेळ जाईल." बायकोने त्याच्याकडे पाहिलं ती नजर मला टिपता आली असती, तर तो माझा पहिला उत्कृष्ट फोटो ठरला असता.

पहिला महिना फार सुखाचा गेला. मनात एकच विचार होता की, या कलेत आपल्या जिल्ह्यात आधी येऊन बसलेलं कोणी नाही. मग एके दिवशी नारळ घ्यायला आलेली शेजारची शाळकरी मुलगी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाली, "नाना, दादासाहेब फाळके आपल्याच गावचे ना? आम्हाला धडा आहे."

आता गावात राहून मला फाळके माहीत नव्हते, असं नाही. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. पण मी त्यांना सिनेमाच्या खात्यावर टाकलं होतं. फोटोचं खातं मोकळं आहे, या समजुतीवर माझा सगळा उत्साह उभा होता. मी ग्रंथालयातून फाळक्यांवरची पुस्तकं आणली आणि दुकानात बसून वाचायला लागलो. गिऱ्हाईक उभं असायचं.

"एकमुखी रुद्राक्ष आहे का?"

"थांबा हो, फाळके आत्ता बडोद्याला पोचलेत."

वाचता वाचता माझा जीव भांड्यात पडला. हा माणूस तर माझ्यासारखाच! १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला. तिथून बडोद्याच्या कलाभवनात. तिथे तैलरंग, जलरंग, मूर्तिकाम, वास्तुकलेची आखणी, जे दिसेल ते. १८९० मध्ये कॅमेरा घेतला. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. रतलामला जाऊन तिरंगी ब्लॉक करायला शिकले. पुरातत्त्व खात्यात नकाशे काढायची नोकरी धरली, सोडली. छापखाना काढला, यंत्रांसाठी १९०९ मध्ये जर्मनी गाठली, आणि भागीदाराशी बिनसल्यावर छापखानाही सोडला. हे वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

"ऐकतेस का? फाळक्यांनी चाळिशीपर्यंत नऊ धंदे केले."

"मग?"

"मग काय? मी चारच केलेत."

"ते दहाव्याला थांबले. तुमचे अजून पाच आहेत म्हणायचे?"

मी विषय बदलला. पण मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच होती. बडोद्यात आलेल्या एका जादूगाराकडून फाळके जादू शिकले, आणि १९०१ च्या सुमारास स्टेजवर जादूचे प्रयोग करायला लागले. नाव काय घ्यावं? त्यांनी आडनाव उलटं केलं. फाळके, म्हणून प्रोफेसर केळफा! काय सुचलंय! मीही माझ्या फोटोंच्या कोपऱ्यात घालायला असंच एखादं नाव करावं म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नाना. उलटं केलं. नाना. पुन्हा केलं. काही माणसं दोन्हीकडून वाचली तरी तीच निघतात.

शिकायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. मोबाइलवर एक उत्साही तरुण 'दोस्तों' म्हणत रोज सगळं समजावून सांगायचा, पण त्याच्याकडे ऊन होतं. माझ्याकडे धुकं. पहिले पंधरा दिवस मी आयएसओ म्हणजे कुकरवरच्या आयएसआयच्या शिक्क्याचा भाऊ समजत होतो. जास्त म्हणजे दर्जा जास्त, म्हणून तो थेट पंचवीस हजार सहाशेवर नेऊन ठेवला. सगळे फोटो रवा पेरल्यासारखे. मग कळलं, तो आकडा म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची भूक. ती वाढवली की अंधारातही दिसतं, पण पोटात दाणे येतात.

अॅपर्चरने तर माझी दोन महिने झोप घेतली. आकडा लहान म्हणजे भोक मोठं, आकडा मोठा म्हणजे भोक लहान. मी दुकानदार माणूस. माझ्याकडे पाच नंबरचा नारळ दोन नंबरपेक्षा लहान निघाला, तर लोक भाव पाडून मागतील. पण धुक्याचं कोडं सुटलं तेव्हा मात्र मी दुकानात एकटाच 'अरे वा!' म्हणालो. झालं होतं असं की, गंगाद्वाराच्या पायऱ्यांवरचं पांढरंशुभ्र धुकं माझ्या फोटोत धुण्याच्या पाण्यासारखं करडं यायचं, आणि देवळाचा काळाभोर पाषाण लांबून काढला तर तोही करडाच. कॅमेऱ्याला वाटतं, जग सरासरीने करडं असतं. पांढरं दाखवा, तो काळं मिसळतो. काळं दाखवा, तो पांढरं मिसळतो. थोडक्यात, तो मध्यम मार्गी आहे आणि त्याला दटावून सांगावं लागतं, बाबा रे, हे खरंच पांढरं आहे. पुढे फिल्टरची बाजू, रॉ फाइल, रंगसंतुलन वगैरे पुष्कळ आहे, पण ते सांगत बसलो तर तुम्हीही बायकोसारखे उठून जाल.

फोटो काढायचे कशाचे, हा प्रश्न खरं तर या गावात पडू नये. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं देऊळ, त्याचं दगडातलं कोरीवकाम पाहून माणूस वेडा होतो. पण आत छायाचित्रणाला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. नाही तर गाभाऱ्यातल्या त्या अंगठ्याएवढ्या तीन लिंगांसमोर लोक पाठ करून उभे राहिले असते. फक्त मला त्यात एक वैयक्तिक दुःख आहे. जगातून माणसं कॅमेरे घेऊन ज्या देवळासाठी येतात, त्या देवळाच्या सावलीत माझा जन्म गेला, आणि माझ्या संग्रहात मुख्यतः त्या देवळासमोरच्या चपलांच्या स्टँडचे फोटो आहेत. त्यातला एक चांगला आलाय.

कुशावर्तावर एका साधूबाबांचा मोह झाला. जटा, भस्म, डोळ्यांत वैराग्य, आणि मागून तिरपं ऊन. मी लेन्स वर केली तसे ते म्हणाले, "पन्नास." मी म्हटलं, "बाबा, गावातलाच आहे." ते म्हणाले, "मग वीस." वैराग्यालाही स्थानिक दर असतो, हे मला दुकानदार असून माहीत नव्हतं.

माकडांचे फोटो मात्र फुकट. लेन्सचं झाकण नेतात, तो खर्च वेगळा. आतापर्यंत तीन गेली. ब्रह्मगिरीवर कुठे तरी एका वानराच्या घरात माझ्या झाकणांचा सेट पूर्ण होत आला असेल.

गावाबाहेर पडलो तेव्हा वेगळंच झालं. आवणीचे दिवस होते. पहिनेच्या बाजूला खाचरांत गुडघाभर चिखलात बायका वाकून भाताची रोपं लावत होत्या, पाठीवर इरली, मागे डोंगरावरून धबधबे. मी बांधावर ट्रायपॉड उभा केला, तीन पाय नीट रोवले, डोळा लावला. पुढच्या मिनिटात बांधावर चार माणसं.

"राम राम साहेब. मोजणी का?"

"नाही हो, फोटो."

"फोटो काढूनच मोजत्यात आता. रस्त्याचं आहे का कुंभमेळ्याचं?"

"कसलंच नाही. मी त्र्यंबकचा. दुकान आहे माझं."

"दुकानवाल्याला तीनपाई कशाला लागंल?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात एक म्हातारबाबा पुढे आले, माझा हात धरून म्हणाले, "साहेब, त्या आंब्याच्या पलीकडं धरा. आंबा आमच्यात आहे." दुसरा म्हणाला, "आंबा तुमच्यात कसा? सातबारा काढा." मी ट्रायपॉड घडी करेपर्यंत दोन भावांतलं बारा वर्षांपूर्वी मिटलेलं भांडण पुन्हा उभं राहिलं होतं. फोटो एकही आला नाही. माझ्या कलेने समाजात काही हालचाल झाली असेल, तर ती एवढीच.

घरी आल्यावर मी पुस्तकात दिलासा शोधला आणि तो सापडला. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी फाळक्यांची मंडळी वांगणीजवळच्या एका खेड्यात चित्रणाला गेली होती. फाळके मागून यायचे होते. तलवारी-भाले घेतलेली ही टोळी पाहून गावाला वाटलं, दरोडेखोर आले, आणि पोलिसांनी सगळ्यांना अडकवून ठेवलं. फाळके आल्यावर त्यांनी कॅमेऱ्यात रीळ न घालताच एक चित्रण करून दाखवलं आणि मंडळी सुटली, अशी गोष्ट सांगतात. हरिश्चंद्राला खोटं बोलता येत नसल्याने त्याची सुटका त्याच्या दिग्दर्शकालाच करावी लागली.

रीळ न घालता चित्रण करायची ही परंपरा मीही पुढे चालवली आहे. मेहुण्याच्या नव्या घराचा सत्यनारायण होता. फोटोग्राफरचे पैसे वाचवून त्याने मला बोलावलं. मी चार तास राबलो. खुर्चीवर चढलो, जमिनीवर लोळलो, प्रसादाच्या पातेल्यात लेन्सचं टोक बुडवून वाफेचा फोटो काढला. प्रत्येक फोटो काढल्यावर पडद्यावर तो दोन सेकंद दिसायचा आणि कोपऱ्यात लिहून यायचं, 'डेमो'. मला वाटलं, हा कॅमेऱ्याचा अभिप्राय असावा. घरी येऊन पाहतो तर कार्ड संगणकातच राहिलेलं. मेहुणा अजून विचारतो, "नाना, फोटो?" मी सांगतो, "प्रोसेसिंगला आहेत." तीन वर्षं झाली. हल्ली तो विचारताना हात जोडतो, त्यामुळे जास्त वाईट वाटतं.

या सगळ्यात घरातून सहकार्य शून्य. सरस्वतीबाई फाळके रात्र-रात्र जागून फिल्मच्या कडांना भोकं पाडत, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत, आणि भांडवलासाठी त्यांनी दागिनेही दिले. हे मी मुद्दाम जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं.

"बिचाऱ्या," बायको म्हणाली.

"नाही, म्हणजे नवऱ्याच्या पाठीशी—"

"ऐकलं मी. भोकं पाडायला कुठे काही आहे का? आणा. दागिन्यांचं नंतर बघू."

तिच्याकडून मी एकदा फक्त पांढरी चादर धरून घेतली. सावलीतल्या चेहऱ्यावर उजेड परतवायला. तिने ती दोन मिनिटं धरली आणि म्हणाली, "धरलीच आहे तर घडी तरी घाला." एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. चादरीची घडी झाली. फोटो राहिला.

फाळक्यांच्या पावलावर पाऊल ठेवण्याचा माझा सर्वांत धाडसी प्रयत्न म्हणजे वाटाणा. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी आधी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला, आणि महिनाभराहून जास्त दिवस रोज त्याचं थोडं थोडं चित्रण करून मिनिटभराची फिल्म केली, 'अंकुराची वाढ'. बी फुगतं, कोंब फुटतो, वेल वर चढते. हे पाहून सावकाराने पैसे दिले आणि त्यातून पुढे ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. म्हणजे भारतीय चित्रपटाचा पहिला नायक, खरं पाहिलं तर, वाटाणा.

मी गॅलरीत कुंडी ठेवली. ट्रायपॉड पक्का बांधला. रोज सकाळी साडेसातला एक फोटो. बायकोला ताकीद दिली, कुंडी हलवायची नाही. मोलकरणीला ताकीद दिली, पाणी मीच घालणार. चौथ्या दिवशी मातीला तडा गेला. सहाव्या दिवशी हिरवा ठिपका. नवव्या दिवशी दोन पानं, काय पानं ती, उलगडलेल्या हातांसारखी! दहाव्या दिवशी सकाळी सव्वासातला गॅलरीच्या कठड्यावर एक वानर बसलं होतं आणि कुंडीत नुसती माती होती. एकाच ताकिदीत माझी चूक झाली होती. ती त्याला द्यायची राहिली.

तरी मी नियम मोडला नाही, रिकाम्या कुंडीचाही फोटो काढला. दहा फोटो जोडून चित्रपट तयार केला. सेकंदाला चोवीस चित्रं या हिशेबाने तो अर्ध्या सेकंदापेक्षा कमी भरला. रात्री जेवणं झाल्यावर दिवे घालवले, बायकोला टीव्हीसमोर बसवलं.

"दाखवा," ती म्हणाली.

"दाखवला."

"कधी?"

"तू पापणी मिटलीस तेव्हा."

आता अण्णांचं सांगतो, कारण सध्या माझ्याकडे कायमचं गिऱ्हाईक तेच आहेत. अण्णा समोरच्या वाड्यात राहतात, वय चौऱ्याऐंशी, पोस्टातून निवृत्त. एका सोमवारी देवाची पालखी कुशावर्ताकडे निघाली तेव्हा गर्दीतून वाट काढत ते दुकानात आले आणि कानाशी येऊन म्हणाले, "नाना, माझा एक फोटो काढून ठेव. हाराला शोभेल असा."

"अण्णा, काहीतरीच काय बोलता?"

"अरे, आमच्या आबांच्या वेळी फोटोच नव्हता. आयत्या वेळी कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून कापून मोठा केला. अजून भिंतीवर आहे. आबांच्या खांद्यावर कोणाचा तरी हात आहे. चाळीस वर्षं आम्ही त्या हातालाही हार घालतोय."

मला पटलं. पहिला फोटो श्रावणात, ओसरीवर काढला. अण्णांच्या मागे धुकं होतं आणि माझा नवा नियम ताजा होता, पांढऱ्याला पांढरं करायचं. मी जरा जास्तच केलं. अण्णा त्या फोटोत जवळजवळ विरघळले होते. नुसता चष्मा आणि भोवती तेज. त्यांनी बराच वेळ पाहून म्हटलं, "हा झाल्यानंतरचा दिसतोय. आधीचा काढ."

दुसऱ्यात डोळे मिटलेले आले. "हा अगदी त्याच वेळचा," अण्णा म्हणाले. तिसरा मी कडक उजेडात काढला. प्रत्येक सुरकुती, प्रत्येक केस मोजून घ्यावा असा. मला वाटलं, आता खूश होतील. ते म्हणाले, "हा माझा बाप आहे." चौथ्याच्या वेळी मी काही तरी विनोद केला आणि अण्णा खळखळून हसले. कवळी त्यांनी नेमकी खिशात ठेवली होती. "भेटायला आलेली माणसं हा बघून रडतील कशी?" पाचवा उत्तम होता. प्रकाश मऊ, नजर शांत, टोपी सरळ. फक्त डोक्यामागे माझ्याच दुकानाची पाटी आली होती, 'क्रियाकर्माचे सर्व साहित्य होलसेल भावात मिळेल'. अण्णांनी चष्मा वर करून ती वाचली. "जाहिरात करतोस होय माझी?"

असं करत दीड वर्ष झालं. मध्यंतरी त्यांची सून उदबत्ती घ्यायला आली. जाताना घुटमळली.

"नाना, एक विचारू? अण्णांचा फोटो कधी होणार?"

मी ओशाळलो. "होईल हो. मी अजून शिकतोय ना."

"नाही, तसं नाही. हल्ली ते रोज दाढी करतात. गोळ्या आपण होऊन मागतात. फोटो होईपर्यंत चेहरा टिकला पाहिजे म्हणतात. गेल्या आठवड्यात स्वतःहून फिरून आले गौतम तलावापर्यंत." तिने उदबत्ती पिशवीत टाकली. "तर तुम्ही शिका. पण सावकाश शिका."

त्या रात्री मला पुस्तकातलं एक पान आठवलं. फाळक्यांनी बडोद्यात फोटोचा धंदा मांडला तेव्हा तो चालेना, कारण शहरात अफवा उठली होती की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य कमी होतं. राजघराण्यातही त्या भीतीने फोटोला नकार मिळाला होता. चांगला फोटोग्राफर म्हटला की ही जोखीम येणारच. माझ्याबाबतीत कोणी बोट दाखवू शकणार नाही.

गेल्या पौषात निवृत्तिनाथांची यात्रा होऊन गेली आणि गाव जरा रिकामं झालं. हवा कोरडी, आभाळ निळं, ब्रह्मगिरी असा स्वच्छ की वरच्या कपारी मोजाव्यात. अण्णा नवी टोपी आणि इस्त्रीचं जाकीट घालून आले. वाड्याच्या दारात बसवलं, पाठीमागे जुनं सागवानी दार, बाजूने सकाळचं ऊन. मी काहीच सांगितलं नाही, कारण मलाच काही सुचलं नाही. अण्णा गल्लीत कोणाकडे तरी पाहत होते. मी बटण दाबलं.

पडद्यावर फोटो आला आणि मी गप्प झालो. अण्णा उठून जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून पाहायला लागले. चेहरा त्यांचाच होता, वय होतं, पण थकवा नव्हता, आणि डोळ्यांत पोस्टमनने ओळखीच्या घराकडे पाहावं तसं काही तरी होतं.

"हा," अण्णा हळूच म्हणाले. "हाच, नाना."

तेवढ्यात फोटो गेला. जाता जाता कोपऱ्यात मला ती अक्षरं दिसली. मी कॅमेऱ्याचं दार उघडलं. आत कार्ड नव्हतं.

मी काय बोलणार? अण्णा थोडा वेळ त्या रिकाम्या खाचेकडे पाहत राहिले. मग टोपी काढून तिच्याकडे पाहायला लागले.

"बरं झालं," ते म्हणाले. "पुढच्या सोमवारी येतो. जुनीच टोपी घालतो. हिच्यात मी जरा जास्तच तयार दिसत होतो."